ब्रह्म म्हणताना

खानावळीत किंवा मंगल कार्यालयात भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रम्ह' असं रंगवलेलं दिसलं की पंगतीतला एक तरी माणूस जिलबी हातात धरूनच सांगणार, अहो ते ब्रह्म, ह आधी म नंतर! बरोबरच आहे त्याचं. पण त्यालाच जरा म्हणायला लावा, तोही चक्क 'ब्रम्-म्ह' म्हणतो आणि त्याच्या ते गावीही नसतं.

संस्कृतात फोड करायची तर ब्रह् आणि मग म. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चार शिकवणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, तर सांगितलंय की ह ला अनुनासिक किंवा य-र-ल-व जोडलेलं असेल तर तो ह घशातून नाही, छातीतून काढायचा. 'गुरुर्ब्रह्मा' म्हणताना करून बघा, आधी छातीतून ह सोडायचा आणि मग ओठ मिटायचे. जमतं तसं, पण महेश्वरापर्यंत दम पुरत नाही राव. आपल्या जिभेला सवय म्हैस, म्हातारा, म्हणजे अशांची, ती आधी ओठ मिटूनच मोकळी होते.

आणि हा काही आजकालचा आळस नाही हं. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात, म्हणजे प्राकृत भाषांच्या जुन्या व्याकरणात, सूत्रच आहे, ह्न, ह्ल, ह्म आले की न, ल, म ह च्या आधी जाऊन बसतात. म्हणजे मराठी नीट बोलायला लागायच्या आधीच हे ठरून गेलेलं. चिह्नचं चिन्ह आणि प्रह्लादचा प्रल्हाद आपण बिनदिक्कत लिहितो, सोवळं काय ते एकट्या ब्रह्मालाच. ब्रम्ह बघून कपाळावर हात मारणारा माणूस त्याच्यापुढे जे प्रश्नचिन्ह टाकतो ना, त्यातलं चिन्ह कुठल्या नियमाने लिहितो ते विचारा एकदा (मी विचारलं नाही, जेवण व्हायचं होतं).

मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. 'तुम्ही' मधला म्ह अलगद येतो, तु वर आघात पडत नाही, म्हणून वृत्तात तो लघुच राहतो. ब्रह्म मध्ये मात्र म दोनदा वाजतो आणि ब्र दणकून गुरू होतो, म्हणजे ह-म ची अदलाबदल झाली तरी वजन संस्कृतचंच राहिलं. उच्चाराप्रमाणे लिहिलं तर दोन्हीकडे म्ह च, फरक फक्त कानाला कळतो. मोठ्याने म्हणून बघा, तुम्ही, ब्रम्ह, तुम्ही, ब्रम्ह. कुणी वळून बघितलंच तर जप चाललाय म्हणून सांगा.