उणे ११० अंश आणि आमची वाटचाल

दोन खाटा, शेकाचं एक यंत्र आणि बर्फाच्या पिशव्यांनी गच्च भरलेला जुना फ्रिज, एवढ्या भांडवलावर आमचं सेंटर उभं राहिलं. मी फिजिओथेरपिस्ट, मेहुण्याचा यंत्रांवर हात बसलेला, हिशेबही तोच बघतो. सुरुवातीची काही वर्षं सुजलेल्या गुडघ्याला बर्फ आणि धरलेल्या कमरेला शेक, असा सरधोपट कारभार चालला. लोकांना बरं वाटायचं आणि ते पुन्हा यायचे. पुन्हा येतात म्हणजे चांगलं की वाईट, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नव्हता.

मग माझाच खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांतून पाणी यायचं. मेहुणा म्हणाला, "दाजी, गोठलाच आहे तर अजून थोडा गोठवून बघा की!" आणि दुसऱ्या एका सेंटरमध्ये माझ्यासाठी क्रायोथेरपीची, म्हणजे कडाक्याच्या थंडीने करायच्या उपचाराची, वेळ घेऊन मोकळा झाला.

तिथे आधी रक्तदाब मोजला. मग अंगावर घामाचा थेंब राहू नये म्हणून टॉवेलने पाठ खसखसून पुसायला लावली. कोरडे लोकरी मोजे, हातमोजे, लाकडी तळाच्या चपला. उभ्या पिंपासारखी केबिन, डोकं बाहेर, गळ्यापर्यंत पांढरी वाफ. पडद्यावर आकडा उणे ११०. पहिला अर्धा मिनिट मला हसू येत होतं, कारण कोरडी थंडी गार पाण्यासारखी अंगावर येत नाही. दुसऱ्या मिनिटाला मांड्यांना सुया टोचायला लागल्या. तिसऱ्याला दातावर दात. बाहेर आलो तेव्हा अंग लालबुंद, आणि हात कालच्यापेक्षा वीतभर वर गेला. संध्याकाळी कळ पुन्हा जागेवर.

चार-पाच वेळा हेच झालं. मग लक्षात आलं की कळ दबलेली असते तो तासभर मी खुर्चीत बसून घालवत होतो. त्या तासात भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सुरू केला, तो एरवी मला जमतच नव्हता. खांदा पुढे सुटला. थंडीने सुटला असं मात्र मी कुणाला सांगत नाही. हे दुखणं बऱ्याच जणांचं एक ते तीन वर्षांत आपसूकही ओसरतं.

तरीही आम्ही केबिन घेतली, कर्ज काढून. घेण्याआधी जेवढं वाचायला हवं होतं तेवढं घेतल्यावर वाचलं, हा आमचा गाढवपणा. पूर्ण शरीराला थंडी देण्याची ही पद्धत जपानमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. यामाउची यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. व्यायामानंतरच्या अंगदुखीवर तिचा उपयोग किती, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ साली आला. त्यात मोजून चार अभ्यास, माणसं ६४, आणि निष्कर्ष असा की पुरावा अपुरा आहे. २०१६ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारयंत्रांना मान्यता देणारी सरकारी संस्था) सांगितलं की उपचारासाठी अशा एकाही यंत्राला आम्ही मान्यता दिलेली नाही. शिवाय हवा उष्णतेची मंद वाहक. तीन मिनिटांत कातडी गार पडते, तिथल्या नसा सुस्तावतात, म्हणून दुखणं कमी जाणवतं. पण आतला स्नायू फारसा थंड होत नाही. गुडघ्यावर वीस मिनिटं ठेवलेली ओल्या फडक्यातली बर्फाची पिशवी जास्त खोल पोचते. कर्जाचा हप्ता भरताना हे वाचणं फार सुखाचं नव्हतं.

यंत्रासोबत आलेली पोस्टरं (चरबी वितळते, वय थांबतं वगैरे) मेहुण्याने स्वतः फाडली. त्या जागी एकच ओळ लावली: "तात्पुरता आराम मिळू शकतो."

दोन प्रसंग लिहून ठेवतो. धावण्याचा सराव संपवून थेट आलेल्या एका मुलाने कपडे बदलले, मोजे तेच ठेवले. आम्ही बघितलं नाही. घामाने ओलसर मोज्यात त्याच्या अंगठ्यावर फोड आला. चूक पूर्णपणे आमची. आता मोजे आम्ही देतो आणि पावलं आमच्यासमोर पुसून घेतो.

दुसरा प्रसंग नायट्रोजनचा. आमची केबिन द्रवरूप नायट्रोजनने थंड होते. हा द्रव उणे १९६ अंशांवर उकळतो आणि एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोलीतला ऑक्सिजन गुपचूप कमी करतो. २०१५ साली अमेरिकेत अशाच एका केंद्रातली कर्मचारी वेळ संपल्यावर एकटीच यंत्रात गेली आणि दगावली. आमच्याकडे ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की भोंगा वाजतो. एका दुपारी तो वाजला. एक्झॉस्ट पंख्यात पडदा अडकून बसला होता. सगळ्यांना बाहेर काढून दारं-खिडक्या उघडल्या. तेव्हापासून केबिनच्या खोलीत कुणीही एकटं जायचं नाही, मीसुद्धा. आणि तिथे पडदा नाही.

नकार देणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. संधिवाताच्या एक काकू बोटं दुखतात म्हणून आल्या. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात, असं सहज बोलून गेल्या. त्यांना मी केबिन नाही म्हणालो. "पैसे देतेय ना मी?" म्हणून रागावल्या. मेणाचा शेक दिला आणि ती पांढरी बोटं त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. आता दर आठवड्याला शेकाला येतात, राग अजून पुरता गेलेला नाही. रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदयाचे रुग्ण, गरोदर बायका, मधुमेहाने पाय बधिर झालेले, या सगळ्यांनाही आम्ही परत पाठवतो.

हल्ली केबिनच्या दाराशीच खांद्याचं चाक आणि व्यायामाचे रबरी पट्टे लावलेत. अंगावरचा काटा जायच्या आत माणूस तिथे उभा राहायला हवा. काही जण महिन्याभरात केबिन सोडून थेट चाकाकडे जातात. नायट्रोजनची टाकी त्यामुळे पूर्वीपेक्षा उशिरा संपते, आणि हप्त्याच्या तारखेला मेहुणा माझ्याकडे न बोलता बघतो.