दव पडतंय तोवर

काल रात्री साडेनऊला घरी पोचले. केसांत धूर, बाह्यांना कुसळं आणि फोनवर सतरा मेसेज. संध्याकाळी जाळरेषेच्या कामाचा एक फोटो स्टेटसला टाकला होता, त्यावर आलेले. कॉलेजच्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "तू तर जंगल वाचवायला गेली होतीस ना गं? मग हे काय पेटवतेयस?" तिने रागाने विचारलं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितेय.

मेळघाटच्या पायथ्याशी गावांच्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे कायद्याने गावांनाच सांभाळायला मिळालेल्या, जंगलात मी अकरा वर्षं काम करतेय. काम दोनच: हिवाळ्यात आग लावायची आणि पावसाळ्यात घाणेरी, हे जंगलात माजलेलं परकं झुडूप, उपटायची. बाकी मीटिंगा, रजिस्टरं, मस्टर, ते सगळं या दोन कामांच्या मागून येतं.

आधी जाळरेषेचं सांगते. आपल्याकडे वणव्याचा हंगाम सरकारी हिशेबाने 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जंगलात ठरलेल्या रेषांवरचं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे एका बाजूला वणवा लागला तर तो या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरतो. पट्टा कुठे सहा मीटरचा, कुठे बाराचा. गवत पिवळं पडायला लागलं की पट्ट्याच्या दोन्ही कडा विळ्याने कापून साफ करायच्या, मधलं गवत उभंच ठेवायचं. ते वाळलं की डिसेंबर-जानेवारीत जाळायचं. सोबत वनरक्षक हवाच. त्याच्याशिवाय जंगलात काडी ओढणं हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

काल आम्ही पंधरा जण होतो, त्यात चार बायका. दोन ब्लोअर, चार पाठीवरचे पंप. हे कपाशीवर फवारायचेच पंप, पण आदल्या दिवशी तीन-तीन वेळा धुऊन घेतलेले. आणि पळसाच्या ओल्या फांद्यांचा ढीग. इतकी वर्षं झाली, पण गवतातली आग झोडपायला पळसाच्या फांदीसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आमच्यात एक काका आहेत. कोरकू, सत्तरी ओलांडलेले. तीस उन्हाळे त्यांनी हंगामी मजूर म्हणून वणवे विझवण्यात काढले. चूड पेटवायचा मान त्यांचा. पाच वाजले, ऊन उतरलं, तरी ते बसूनच होते. मग उठले, मूठभर बारीक माती हातातून सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं. खाली वाकून गवताच्या बुडाशी हाताची पालथी बाजू लावली. मलाही लावायला सांगितली. शेंडे चुरचुरीत वाळलेले, बुडाशी मात्र गार, दमट. हेच हवं असतं. वरचं वाळलेलं भराभर जळून जातं आणि मुळाला धग लागत नाही.

"आता लाव पोरी," काका म्हणाले, आणि चूड माझ्या हातात दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

उतारावर आग खालून लावली तर ती वर धावत सुटते, माणसाच्या पायांना ऐकत नाही. म्हणून उताराच्या माथ्याकडून, वाऱ्याच्या उलट तोंडाने लावायची. मग ती खाली खाली, पाऊलपाऊल सरकते. काल ज्वाळा गुडघ्याच्या वर गेली नाही. कुसळी तडतडत जळते, पवना नुसता धुरावतो आणि मग एकदम बसतो. ज्वाळेच्या पुढून नाकतोडे उडत होते आणि चार-पाच कोतवाल पक्षी धुरातच सूर मारून ते टिपत होते. दोन तासांत चारशे मीटर पट्टा काळा झाला. साडेसातपर्यंत दव पडायला लागलं आणि कडेची धुगधुगी आपोआप विझत गेली. तरी शेवटचा दीड तास आम्ही पट्ट्यावर फिरत होतो. हा दीड तास का, ते पुढे सांगते.

त्याआधी घाणेरी. कोणी टणटणी म्हणतं, आमच्याकडे मेळघाटात रायमुनिया. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ही शोभेची म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. मूळची अमेरिकेतली. आज देशातल्या वाघांच्या टापूतल्या जंगलांत चाळीस टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर ती पोचली असल्याचा 2020 चा एक अभ्यास आहे. काळी फळं बुलबुल खातात, ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली विष्ठेतून बी पडतं. गुरं तोंड लावत नाहीत, हरणं लावत नाहीत. खाली गवताला ऊन मिळत नाही. आणि आग लागली की तिच्या जाळीतून ज्वाळा शिडी चढल्यासारखी झाडाच्या फांद्यांपर्यंत जाते. गवतातली आग ऐन-धावड्याच्या सालीवर डाग पाडून पुढे जाते, घाणेरीतली आग उभं झाड मारते. आणि झाड मेलं की वर आभाळ मोकळं झालं, म्हणजे घाणेरीलाच ऊन. ती स्वतः जळून मरत नाही, पावसाच्या पहिल्या सरीला बुडातून पाच-सहा फुटवे काढून उभी राहते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र स्वतःच्या चुकीने.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जाळरेषा जाळून झाली, अंधार पडला, सगळे दमलेले, आणि मी म्हटलं, चला आता घरी. काका म्हणाले, "ते निजली नाई अजून, नुस्ती डोये मिटून हाये." मला वाटलं म्हातारं माणूस, उगाच काळजी करतं. पट्ट्याच्या कडेला मोहाचं एक वाळकं खोड होतं, आतून पोकळ. त्याच्या पोटात निखारा राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, खोड जळून मोडलं आणि उतारावरून गडगडत रेषेच्या पलीकडे गेलं. पलीकडे आम्ही दोन वर्षं राखलेलं कुरण आणि त्याच्या कडेला न काढलेली घाणेरी. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून येणारा आगीचा मेसेज वनरक्षकाच्या मोबाइलवर साडेचारला आला, तोवर आमच्या हातांना फोड येऊन फुटलेही होते. पाच एकर गेलं. माणसाला इजा झाली नाही, तेवढंच.

त्या वर्षी मी ती पाच एकरं जुलैपासून दर पंधरवड्याला पाहिली. गवताच्या भागात मारवेल परत आला, आधीपेक्षा दाट. जिथे घाणेरी भडकली होती तिथली माती विटेच्या रंगाची झालेली, आणि त्या मातीत ऑगस्टमध्ये हाताच्या बोटाएवढी घाणेरीची रोपं. एका चादरीएवढ्या जागेत मी एकशे तीस मोजली. जानेवारीतली एकच आग, एकच दुपार, आणि दोन जागी दोन निराळे पावसाळे. तेव्हापासून माझ्या मनात आग आणि घाणेरी ही दोन कामं राहिली नाहीत. ज्या रेषेवर चूड लावायची, तिथली घाणेरी आदल्या पावसाळ्यातच निघाली पाहिजे. आणि शेवटचा दीड तास काका जिथे बोट दाखवतील ते प्रत्येक खोड आणि गव्याच्या शेणाचा प्रत्येक पो फोडून पाणी मारायचं. वाळलेलं शेण रात्रभर धुमसतं, बाहेरून राखेसारखं थंड दिसतं.

घाणेरी काढायची रीत साधी आहे, फक्त अंग मोडणारी. वरून कापली तर तिला छाटणी केल्यासारखंच होतं, दुप्पट फुटते. बुंध्याभोवतीची माती टिकासाने मोकळी करायची, जमिनीखाली चार बोटं जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, ठेवून द्यायचं. मुळं मातीला टेकली तर ती पुन्हा धरते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात बसवलेली ही रीत. आमच्या बायका साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात, तरी संध्याकाळी मनगटांवर ओरखडेच ओरखडे. फळ धरायच्या आत काढलेली बरी. मग मोकळ्या जागेत मारवेल आणि पवन्याचे ठोंब लावायचे, बी टाकायचं. बी आम्ही दिवाळीच्या सुमारास गावातल्याच बायकांकडून गोळा करून घेतो.

आणि मग पुढची तीन वर्षं परत परत जायचं. खरं दुखणं इथे आहे. घाणेरी काढायला पैसा मिळतो. हेक्टरवर मोजून, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. दुसऱ्या वर्षीच्या निंदणीला मिळत नाही, कारण कागदावर ती जागा साफ झालेली असते. एका कार्यालयात मी तीन वर्षं हेच सांगत गेले. समोरचे साहेब भले होते, पण त्यांच्या तक्त्यात "पुन्हा" असा रकानाच नव्हता. शेजारच्या एका गावात असं साफ केलेलं बारा हेक्टर माझ्या डोळ्यांदेखत परत झाकलं गेलं. तिथल्या बायकांच्या हातांवरचे वळ जाण्याआधी, असं मला वाटतं. आमच्या ग्रामसभेने मग तेंदूपत्त्याच्या पैशातून दरवर्षी थोडा भाग निंदणीला बाजूला काढायचा ठराव केला. त्या ठरावावर अंगठे उठले तो दिवस मी विसरणार नाही.

तेंदूपत्त्याचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते, कारण मैत्रिणीच्या पुढच्या मेसेजमध्ये "आदिवासीच आगी लावतात ना" असं होतं. मार्चमध्ये मोहाखालची पानं जाळतात, पहाटे पडलेली फुलं दिसावीत म्हणून. टेंभुर्णीला, म्हणजे तेंदूच्या झाडाला, कोवळा पाला यावा म्हणूनही लावतात. हे खरं आहे, आणि त्या आगी पसरतात हेही खरं. पण त्यामागे पोट आहे. आम्ही पानं झाडून बाजूला सारतो, काही झाडांखाली जाळी बांधतो, टेंभुर्णीची खुटं छाटून घेतो. सगळी ऐकत नाहीत, बरीच ऐकतात. आणि आग कधी लावायची हे ज्ञानही याच माणसांकडे होतं. कर्नाटकात बिळिगिरीरंगाच्या डोंगरांतले सोलिगा लोक हेच सांगतात: आधी थंडी सरता सरता पालापाचोळ्याला हलकी आग लावायचो, ती बंद केली आणि घाणेरी माजली. तिथे 1997 ते 2008 या काळात घाणेरी चौपटीहून वाढल्याची मोजणी झालेली आहे. इंग्रजांनी 1860 च्या दशकात आमच्या याच सातपुड्यात, बोरीच्या जंगलात, आगबंदी सुरू केली. तेव्हापासून आग म्हटलं की गुन्हा एवढंच डोक्यात बसलंय, आणि उन्हाळ्यातली आग व हिवाळ्यातली आग एकाच नावाने ओळखली जाते.

सगळं कुरणही आम्ही जाळत नाही. रेषा तेवढी जाळतो, आतलं गवत उभं ठेवतो, ससे-लाव्यांना आडोसा हवा. काळ्या पट्ट्यावर आठ-दहा दिवसांत दवावरच हिरवे कोंब येतात. गेल्या वर्षी जाळलेल्या जागी बाविसाव्या दिवशी सकाळी सात गवे चरताना दिसले, त्यात एक तांबूस पिल्लू. काकांना फोटो दाखवला. त्यांनी गवे पाहिलेच नाहीत, फोटो बोटांनी मोठा करून कडेचं गवत पाहत राहिले आणि म्हणाले, "रायमुनिया नाई दिसत इथं."

केस दोनदा धुतले तरी धुराचा वास गेलेला नाही. आज दुपारी पुन्हा जायचंय. नाल्यापलीकडची सातशे मीटर रेषा बाकी आहे, तिथे दोन वाळकी खोडं आहेत ती आधी फोडून घ्यायची आहेत. पहाटे अंगणातल्या तारेवर बोट फिरवून पाहिलं, अजून चांगलं दव पडतंय.