आमची वाटचाल: मिल कामगारांच्या सायकलींपासून शर्यतीच्या संघापर्यंत

सायकल शर्यतीला तिकीट नसतं. शर्यत रस्त्यावर होते आणि बघणारा कडेला उभा राहून फुकट बघतो. टीव्हीचे हक्क असलेच तर ते शर्यत भरवणाऱ्याचे. संघाकडे विकण्याजोगी एकच गोष्ट असते, पोरांच्या अंगावरची जर्सी. म्हणूनच युरोपातल्या बहुतेक मोठ्या संघांची नावं पैसे देणाऱ्या कंपनीवरून पडतात आणि कंपनी बदलली की नावही बदलतं. टीम स्काय २०१९ मध्ये इनिऑस झाली ती अशीच. आमचे पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीतून निघालेत, म्हणून ती आधी सांगितली.

धंदा बाबांनी सुरू केला. इंदूरच्या राजवाड्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर दुरुस्तीचं दुकान, सोबत तासाच्या भाड्यानं सायकली. गिऱ्हाईक बहुतेक मिल कामगार. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, पुढे बाकीच्या मिलही गेल्या आणि दुकानासमोरची सकाळची गर्दी ओसरली. बाबांनी दुकान सोडलं नाही, ते गिअरच्या सायकलींकडे वळले. पुढे मी आणि धाकट्या भावानं रेसिंग सायकलींचं काम शिकून घेतलं. आजही आमचं घर दुकानावर चालतं. संघाचा हिशेब वेगळा आहे आणि वहिनी तो वेगळाच ठेवतात.

संघ उभा राहिला तो रविवारच्या राइडमधून. सुपर कॉरिडॉर या शहरातल्या रुंद रस्त्यावर पहाटे जमणाऱ्यांत काही पोरं खरोखर वेगवान निघाली. पण वेगवान निघालं की पोरगं जायचं, कुणी रेल्वेत, कुणी सैन्यात. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलाचे संघ एवढे बलवान असतात ते याचमुळे: तिथे खेळाबरोबर नोकरी मिळते. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरातल्या मुलासाठी ती नोकरी म्हणजे साऱ्या घराचा आधार. आमच्यासारख्या खासगी संघाची खरी स्पर्धा या नोकरीशी आहे.

रायडर घ्यायला आम्ही बिकानेरला गेलो, विजयपूर-जमखंडीकडे गेलो, सांगली-कोल्हापूरकडे गेलो. या भागांत शर्यतीची परंपरा आहे. मला वाटलं होतं, कार्बन फ्रेम आणि इलेक्ट्रॉनिक गिअर दाखवले की पोरं तयार होतील. पोरं होतातही. त्यांचे वडील मात्र सायकलचं नाव काढत नाहीत. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, “साहेब, पगार किती तारखेला होतो? आणि पोरगा पडला तर दवाखान्याचं कोण बघणार?” त्या दोन प्रश्नांवर आमचा करारनामा तयार झाला. पगाराची तारीख लेखी. अपघात विमा संघाच्या खर्चानं, कारण रस्त्यावरच्या शर्यतीत कॉलरबोन मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. आणि तिसरं कलम आम्ही स्वतःहून घातलं: सरकारी नोकरीचा कॉल आला तर मुलगा त्याच महिन्यात मोकळा, दंड नाही, अडवणूक नाही. ओळखीच्या व्यापाऱ्यांनी हे कलम काढायला सांगितलं. आम्ही काढलं नाही. आज गेलेली पोरंच आपल्या गावचा धाकटा रायडर आमच्याकडे पाठवतात. आमची अर्धी भरती अशीच होते.

प्रायोजकाकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, “आपला पोरगा पहिला येणार ना?” मग समजावून सांगावं लागतं. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की वारा कमी लागतो आणि ताकदीचा मोठा वाटा वाचतो. आपला स्प्रिंटर, म्हणजे शेवटी जोर मारणारा रायडर, शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत ताजा राहावा म्हणून बाकीचे आळीपाळीनं पुढे राहून वारा अंगावर घेतात, बाटल्या आणून देतात, गरज पडली तर स्वतःचं चाक काढून देतात. निकालात नाव एकाचं, पण कष्ट सगळ्यांचे असतात. हे ज्या व्यापाऱ्याला समजतं तो आमच्याबरोबर टिकतो. सियागंजातले एक मसालेवाले काका सगळं ऐकून म्हणाले, “आमच्या दुकानातही गल्ल्यावर मीच बसतो, पण पोती दुसरे उचलतात.” ते आजही आमच्याबरोबर आहेत.

दुसरी अडचण नियमांची. राष्ट्रीय स्पर्धेत मुलं आपापल्या राज्याच्या जर्सीत उतरतात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी प्रायोजकाचं नाव अंगावर नसतं. आम्ही हे पहिल्याच बैठकीत सांगतो. काही उठून जातात. जे थांबतात त्यांच्याशी पुढे भांडण होत नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढून ठेवलेला, पैसा का आणत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं आणि सायकलिंग ऑलिंपिकमध्ये आहेच. पण कंपनीनं स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे तो पैसा मुलांना शिकवायला चालेल, जर्सीवर नाव घालायला नाही. त्यासाठी नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था लागते, आमच्यासारखी मालकीची फर्म चालत नाही. लहान मुलांच्या प्रशिक्षणासाठी ट्रस्ट करायचं काम आता आमच्या सीएंकडे आहे.

प्रायोजक आणि रायडर एकमेकांची वाट बघत बसतात, ही या धंद्यातली सर्वांत अवघड गाठ. प्रायोजक म्हणतो, आधी नावं सांगा. रायडर म्हणतो, आधी पगाराची हमी द्या. एका मोठ्या कंपनीनं अख्खा संघ घेण्याची तयारी दाखवली होती. जर्सीचं डिझाइनही त्यांनी पसंत केलं, मग सही करायच्या आठवड्यात फोन उचलणं बंद केलं. तोवर आमच्या शब्दावर दोन मुलांनी दुसरीकडचे प्रस्ताव नाकारले होते. त्या दोघांचा वर्षभराचा पगार आम्ही दुकानातून दिला.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. एचटीसी-हायरोड हा २०११ मध्ये शर्यती जिंकण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला संघ. त्यांच्या मार्क कॅव्हेंडिशनं त्या वर्षी टूर द फ्रान्समध्ये गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी जिंकली आणि काही दिवसांतच, नवा प्रायोजक नाही म्हणून, संघ बंद करत असल्याचं मालकांनी जाहीर केलं. पुढे २०२२ मध्ये याच कॅव्हेंडिशचं नाव फ्रान्सच्या बी अँड बी हॉटेल्स संघाशी जोडलं गेलं. त्या संघालाही पैसा उभा करता आला नाही आणि डिसेंबरात तो संपला. कॅव्हेंडिश अस्ताना संघाकडे गेला आणि २०२४ मध्ये टूरमधला आपला पस्तिसावा टप्पा जिंकून त्यानं सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा एडी मर्क्सबरोबरचा विक्रम एकट्याच्या नावावर केला. एवढ्या गुणी माणसालाही संघ शोधत फिरावं लागलं.

इंदूरकरांना हे परकं वाटू नये. होळकर दरबारानं सी. के. नायडूंना इथे आणलं, सैन्यात हुद्दा दिला, खेळाडूंच्या पोटापाण्याची सोय केली आणि होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान गेलं, आधार गेला आणि त्या नावाचा संघही गेला. मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळाला तो थेट २०२२ मध्ये. एकाच आश्रयदात्यावर उभा राहिलेला संघ त्याच्याबरोबर जातो, असं मी यातून समजलो.

म्हणून आम्ही मोठं एकच नाव शोधणं सोडलं. कोणत्याही प्रायोजकाकडून वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घेत नाही. नमकीनवाले, पीथमपूरचे सुटे भाग बनवणारे, एक डायग्नोस्टिक सेंटर, असे मिळून संघ चालतो. जर्सीवर नावांची गर्दी होते, ती दिसायला फार देखणी नाही, पण पगार चुकत नाही. सहा महिन्यांचे पगार बँकेत वेगळे जमल्याशिवाय नव्या मुलाची सही घेत नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची पुणे ग्रँड टूर झाली, त्यानंतर बोलणी सोपी झालीत, कारण पेलोटन, म्हणजे एकत्र धावणारा रायडरांचा मोठा घोळका, काय असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. कॉन्टिनेन्टल, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघांच्या तिसऱ्या पायरीच्या, नोंदणीला निदान दहा रायडर लागतात. तेवढ्यांना आम्ही अजून पगार देऊ शकत नाही, म्हणून ती नोंदणी मागितलेली नाही.

येत्या हंगामासाठी चढावर टिकणाऱ्या एका रायडरची जागा रिकामी आहे. वय अठरा पूर्ण हवं. चाचणी इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या चढावर होते, सकाळी रहदारी नसताना. सायकल नसेल तर आम्ही देऊ. पगार, विमा आणि नोकरी लागल्यावर मोकळं करण्याचं कलम आधी वाचून घ्या आणि आई-बाबांना बरोबर आणा, त्यांच्याशी बोलल्याशिवाय आम्ही सही घेत नाही.