देव देतो दोन

सहा वर्षं मी दुर्बिणीतनं चंद्र एका डोळ्यानं बघितला. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नळीला, उजवा डोळा लावायचा, डावा करकचून मिटायचा, पाच मिनिटांत गाल दुखायला लागतो, मग डाव्यावर हात धरायचा, हातही भरून येतो, शेवटी एकदा आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून परड्यात उभा राहिलो तर शेजारचं पोरगं बोंबलत सुटलं, काकाचे डोळे आले म्हणून. आमच्या बेळगावच्या वडगावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, सकाळी दूधवाल्यानं विचारलं, आता कसं हाय?

त्यात चाळिशी ओलांडली. गुरू मोठा करून बघायला गेलं की त्याच्या पट्ट्यांवरून काळे धागे, अळ्यांसारखं कायतरी सरकत जातं. ते गुरूवर नसतं, आपल्याच डोळ्यात असतं. माझा डॉब, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची न्यूटोनियन दुर्बीण, सहा इंची, १५० मिलिमीटरचा आरसा, १८० पट मोठं करून बघताना डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम ०.८ मिलिमीटरचा, एवढ्या बारीक झोतात डोळ्यातला सगळा कचरा उठून दिसतो. दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू एकाचा कचरा दुसऱ्याच्या चित्रानं बराच झाकून टाकतो. हे कळलं आणि बायनोव्ह्यूअरचं खूळ डोक्यात शिरलं.

वस्तू तशी साधी. दुर्बिणीतून येणारा झोत आत प्रिझमवर दुभंगतो, अर्धा या डोळ्याला, अर्धा त्या डोळ्याला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, फक्त इथं दुसऱ्या डोळ्याचं बिल वेगळं येतं. वरच्या दर्जाचे बायनोव्ह्यूअर लाखाच्या घरात जातात, तिकडं मी बघितलंच नाही. माझं बजेट वीस हजार, त्यातसुद्धा बायकोला सांगितलेलं दहा.

आणि खरा खर्च त्या डब्यात नसतोच. प्रत्येक आयपीस जोडीनं लागते, तीही जुळी. माझ्याकडं एक २५ मिलिमीटरची होती, तिची बहीण शोधायला गेलो तर नुसत्या नंबरावर भागत नाही, मेक आणि मॉडेल तेच पाहिजे, नाहीतर एका डोळ्याला चंद्र मोठा आणि दुसऱ्याला बारका. शिवाय अंगानं जाड आयपीस चालत नाहीत, मधी नाक बसायला जागा राहत नाही. ३२ च्या मोहातही पडू नये, स्वस्त मालातली प्रिझमं वीस-बावीस मिलिमीटरचीच असतात, कडा काळ्या पडतात. २० किंवा २५ च्या साध्या प्लॉसल जातीच्या आयपीस घ्याव्यात आणि गप बसावं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मला अशी हप्त्याहप्त्यानं समजली.

पहिला नग आला तो नेमका मृगाच्या तोंडावर. बेळगावात मृगात दुर्बिणीचं सामान मागवणारा माणूस कसा असेल ते तुम्हीच समजून घ्या. आठ दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस, परत करायची मुदत दहा दिवसांची. नवव्या दिवशी दुपारी जरा उघडलं तसा ट्यूब घेऊन गच्चीवर पळालो, बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, लावली आणि राजहंसगडावर रोखली. गडावर महाराजांचे दोन पुतळे. न्यूटोनियनमधी चित्र उलटं दिसतं ते ठाऊकच होतं, पण दोन? शेजारी शेजारी असते तर डोळ्यांनी ओढून एक केले असते, डोळ्यांना आतल्या बाजूला वळायची सवय असते, पण हे एकावर एक होते, जरासं वर आणि जरासं खाली, आणि वरखालीचा फरक डोळ्यांना फारसा मिटवता येत नाही. मी हट्टानं पाच मिनिटं बघितलं, संध्याकाळपर्यंत डोकं ठणकत होतं. कमी पटीला हा दोष खपून जातो, पट वाढवली की उघडा पडतो. म्हणून स्वस्त नग घेतला तर पहिल्याच दिवशी लांबच्या टॉवरवर, पताकेवर, कशावर पण जास्त पटीनं रोखून बघायचं. दुकानदारानं कुरकुर करत का होईना बदलून दिला. दुसरा नग नीट निघाला, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद होऊन दसऱ्यापर्यंत पडून राहिला, इथल्या हवेत भिंगांना बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

दसऱ्याला काढला, बार्लोशिवाय लावला तर फोकसच होईना.

हे माहीत होतं, वाचलं होतं, तरी आपल्या बाबतीत होणार नाही असं वाटत होतं. बायनोव्ह्यूअरच्या आत प्रकाशाला दहा-अकरा सेंटिमीटर जास्तीचा रस्ता चालावा लागतो, आणि न्यूटोनियनचा फोकस फोकसरच्या, म्हणजे आयपीस धरणाऱ्या सरकत्या नळीच्या, बाहेर जेमतेम बोटभर आलेला असतो. ज्यांच्याकडं मॅक्सुटॉव्ह जातीची दुर्बीण आहे त्यांचं बरं असतं, आतला आरसाच पुढं-मागं सरकतो, फोकस लांब जातो. आमच्यासारख्यांनी एकतर ट्यूब कापून आरसा वर घ्यायचा, किंवा पुढं बार्लो लावायची. ट्यूब कापायचं धाडस नव्हतं. बार्लो लावली तर २ पटीची बार्लो त्या लांब रस्त्यामुळं ३ पटीची होऊन बसली. आरशाची १२०० ची फोकल लेंग्थ, २० ची आयपीस, ६० पट, गुणिले ३, थेट १८०. म्हणजे एवढा खर्च करून चंद्राचा एक तुकडा.

उपाय असा की बार्लोचं नुसतं भिंग सोडवून बायनोव्ह्यूअरच्या नाकातच बसवायचं, मग ते २ च्या आसपास राहतं. पण माझ्या बार्लोचा आटा जुळेना. गेलो उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. तिथं एक ओळखीचे टर्नर आहेत, आयुष्यभर हायड्रॉलिकची कामं केलेले, त्यांनी ती वस्तू हातात फिरवून विचारलं, "इदेन्री?" म्हणजे हे काय हो? मी मराठी, कन्नड आणि हातवारे मिळून गुरू, चंद्र, दोन डोळे असं सगळं सांगितलं. त्यांना गुरूशी देणंघेणं नव्हतं, ते आट्याकडं बघत होते. २८.५ मिलिमीटरचा व्यास, ०.६ ची पिच. "हे कुणी काढलं?" असं ते म्हणाले तेव्हा आवाजात आदर होता का वैताग ते मला आजतागायत कळलेलं नाही. अर्ध्या तासात ॲल्युमिनियमची रिंग काढून दिली, पैसे घेतले चहाचे. सगळ्या खरेदीत स्वस्त म्हणावी अशी वस्तू तेवढी एकच.

आता एक कबुली. अंधुक गोष्टींसाठी ह्याचा उपयोग नाही. झोत अर्धा होतो म्हणजे प्रत्येक डोळ्यापुरता माझा १५० चा आरसा १०६ चा झाला. मेंदू थोडंफार भरून काढतो, पण सगळं नाही. एप्रिलमधी आमच्याकडनं दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दिसतो, क्षितिजापासून सव्वीस-सत्तावीस अंश वर येतो, तो मी आजही एकाच डोळ्यानं, गाल दुखवून बघतो. चंद्र आणि ग्रह ही मात्र वेगळी गोष्ट. चंद्र चेंडूगत गोल दिसतो, पुढं आल्यासारखा. ते खोटं आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच आरशातलं एकच चित्र मिळतं, त्यात खोली कुठनं येणार? पण मेंदूला दोन डोळ्यांनी बघितलं की खोली द्यायची सवय, तो देऊन टाकतो.

दशमीच्या रात्री आई परड्यात आली. "मी बघतो की," म्हणाली. (आमच्याकडं बायका मी आलो, मी बघतो असंच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसून घ्यावं.) तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा व्हायचाय. सहा वर्षांत मी तिला वीसेक वेळा आयपीसपुढं उभं केलं असेल, दर वेळी "व्हय व्हय, दिसला" म्हणून आत जायची आणि मला माहीत असायचं की काही दिसलेलं नाही. ह्यावेळी स्टूल दिलं, दोन आयपीसमधलं अंतर तिच्या डोळ्यांना जुळवलं, पाऊण किलोच्या त्या वजनानं ट्यूबचं तोंड खाली पडतं म्हणून मागं आमच्या जुन्या दुकानातलं एक किलोचं माप टांगलेलं होतं, ते तिनं आधी ओळखलं आणि तिथं कशाला बांधलं म्हणून विचारलं.

मग बघितलं आणि गप्प झाली.

"आंबोळीला जाळी पडलीय बघ," बऱ्याच वेळानं म्हणाली.

ती मोठी खळगी कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद, बेळगावातनं जवळजवळ हुबळीपर्यंत, असं मी सांगायला लागलो तर तिनं हात वर करून मला थांबवलं. शेजारच्या मागाची खटखट चालू होती. माझ्या डॉबला मोटर नाही, पृथ्वी फिरते तसा चंद्र सरकत जातो, मधनं मधनं हातानं ढकलावं लागतं, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो त्यात ढकलायचं राहिलं.

"पळाला रे," आई डोळे न काढता म्हणाली. "आण की परत."