कार्बनचा काटा

मातीचा नमुना काढायचं गिरमिट फूटभर आत गेलं आणि मला जोर लावावा लागला नाही, तेव्हाच ओळखलं की आजचा दिवस सरळ जायचा नाही. ज्या रानात गिरमिट लोण्यात शिरल्यासारखं शिरतं, ते रान आमच्या कामाचं नसतं.

माझं काम मातीचे नमुने घ्यायचं. आधी दहा वर्षं खतं विकली, आता बेळगावातून निघून निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात एका कार्बन प्रकल्पासाठी शेतकरी गोळा करत फिरतो. बायकोला समजावलं होतं ते असं: पीक हवेतला कार्बन खातं, मुळांवाटे आणि पाल्यावाटे त्यातला थोडा मातीत थांबतो. एक टन कार्बन डायऑक्साइड मातीत थांबला की एक क्रेडिट. ते परदेशातली एखादी कंपनी आपल्या धुराच्या बदल्यात विकत घेते आणि त्यातला वाटा शेतकऱ्याला मिळतो. तिनं विचारलं, "आणि धूर थांबतो?" मी म्हणालो, जेवायला वाढ.

मार्चचा दुसरा आठवडा होता. वेदगंगेकाठचं गाव, नाव लिहीत नाही. ऊस कारखान्याला गेलेला, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक, मोडलेला. इथं उसाची नवी, आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते, म्हणजे तोवर चार-पाच महिने रान उघडं पडून भाजत राहतं. आमची योजना त्या मोकळ्या वेळेवर बेतलेली. वळीव पडला की ताग नाहीतर धैंचा पेरायचा, फुलावर आला की पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी मातीत गाडायचा आणि पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी लावायची नाही. कागदावर याला 'कव्हर क्रॉप' म्हणतात. शब्द थंड देशांतून आलाय, तिथं हिवाळ्यात रान झाकायला राय नावाचं धान्य पेरतात. आमच्याकडं रान झाकायचं ते उन्हापासून.

सकाळी मारुतीच्या देवळात बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं. पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कानडीत, करार इंग्रजीत आणि समजावून सांगणारा मी मराठीत; सही करणाऱ्यानं विश्वास कुठल्या भाषेत ठेवायचा, ते त्याचं त्यानं ठरवायचं. निम्म्या पहाण्यांवर वारलेल्या बापांची नावं. वारसा लावला नाही तर सही चालत नाही, हे सांगण्यातच अर्धा तास गेला.

मागं भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पूर आला आन् वरची माती गेली, तर दिल्यालं पैसं माघारी मागणार काय?" २०१९ ला आणि २०२१ ला या पट्ट्यात पाणी कुठवर आलं होतं, याच्या खुणा त्याच देवळाच्या भिंतीवर होत्या. मी म्हणालो, सगळ्या प्रकल्पांची थोडी थोडी क्रेडिटं बाजूला काढून ठेवतात, नुकसान त्यातून भरून काढतात. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. उत्तर बरोबर होतं. दोनदा घर धुऊन गेलेल्या माणसाला ते पुरेल, असं मलाही वाटलं नाही.

मग आण्णा बोलले. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, आवाज खालचा. १९८१ साली निपाणीत शरद जोशींच्या मागं पुणे-बंगळूर रस्त्यावर तंबाखूच्या भावासाठी बसलेल्यांतले. त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांचा एकच प्रश्न होता.

"तंबाखू वखारीत घालत होतो तवा काटा व्यापाऱ्याचा. ऊस घालतोय तर काटा कारखान्याचा. तुमच्या कार्बनचा काटा कुटं हाय?"

लोक हसले. मी प्रयोगशाळा, कॉम्प्युटरचं गणित, पाच वर्षांनी पुन्हा नमुने, असं सगळं सांगितलं. आण्णा म्हणाले, "म्हंजे दिसत न्हाई." आणि उठून, "चला, आधी रान बगा आमचं."

फॉर्म आधी भरायचा आणि गिरमिट नंतर मारायचं, असा नियम आहे. पण थोरल्या माणसानं चला म्हटल्यावर फॉर्म काढत बसता येत नाही. तर ते रान. माती हातात घेतली की गोळा व्हायचा आणि बोटानं दाबला की भुगा. गिरमिटाला गांडूळ लागलं. खोडव्याच्या सरीत पाचट अजून अर्धवट कुजत होतं. मी बांधावर बसून फॉर्म उघडला.

गेल्या तीन वर्षांत हिरवळीचं खत घेतलं का?

"बानं घालून दिल्याली रीत हाय. खोडवा मोडला की ताग. चुकवल्याला आठवत न्हाई."

पाचट जाळता का?

"थोरल्याचं लगीन झालं त्या सालापासनं काडी लावली न्हाई. आता नातू कॉलेजात हाय."

मी दोन्ही उत्तरं भरली. मोबाइलवर लाल पट्टी आली: अपात्र.

हे समजावून सांगायला मला आजवर जमलेलं नाही, पण प्रयत्न करतो. क्रेडिट मातीचं नसतं, बदलाचं असतं. पैसे दिले नसते तरी जे होणारच होतं, ते मोजायचं नाही. या पद्धतीत आधीची निदान तीन वर्षं बघतात आणि तिथून पुढं काय नवीन केलं, तेवढंच धरतात. खरेदी करणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर यात खोट काढता येत नाही. तिकडचा धूर खरा असतो, आणि त्याच्या बदल्यात इकडं आधीपासून चालत आलेलं काम विकलं तर हवेत काहीच कमी झालेलं नसतं. नियम चूक असता तर मी आण्णांसमोर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

बांधापलीकडं त्यांच्या भावकीतल्याचं रान होतं. तोही आमच्या मागोमाग आलेला. तिथं गिरमिट चार बोटांवर अडलं. दोघांनी मिळून भार दिला तेव्हा हललं. सरींत काळे पट्टे, पाचट पेटवल्याचे. तो लपवत नव्हता. "पाचट ठेवलं की पाणी फुडं सरकत न्हाई, उंदीर होत्यात, मजूर आत जाईत न्हाई. पेटवलं की एका रातीत रान मोकळं." सगळी कारणं खरी आहेत. एकरी तीन-चार टन पाचट पडतं. ते कुजवायला युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकायचं, हे सांगणं सोपं, आणि ते कुजेपर्यंत रोज रानात जाणं त्याचं. फॉर्म भरला. हिरवी पट्टी आली.

तो ओशाळून आण्णांकडं बघत म्हणाला, "तुमचं ऐकलं असतं तर आज मी बी बादच की."

आण्णा हसले. त्यांचा धाकटा मुलगा हसला नाही. चाळिशीतला, हातात ट्रॅक्टरची चावी, घराचा हिशेब बहुतेक त्याच्याकडंच. त्यानं मला सरळ विचारलं, "म्हंजे आमी तीन वर्सं ताग बंद केला आन् पाचट पेटवलं, तर चौथ्या वर्सी बसतोय?"

बांधावरचे सगळे गप्प झाले. प्रश्न टवाळीचा नव्हता. मी कागद जेवढा वाचलाय, त्याप्रमाणं उत्तर 'बसू शकता' असं निघत होतं. समोर ती माती होती. मी म्हणालो, "नाही. एकदा नाव बाद झालं की झालं. परत घेत नाहीत."

असा नियम मी कुठं वाचलेला नाही. तिथंच तयार केला.

मुलगा "बरं" म्हणाला आणि ट्रॅक्टरकडं गेला. आण्णा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वखारीतला व्यापारी बी मालाची पत सांगताना असाच डोळं खाली घालायचा." पुढं काही बोलले नाहीत. चहाला घरी चला म्हणाले. गेलो. दशमी आणि ठेचा खाल्ला. त्या घरात माझ्याशी कुणी वाकडं वागलं नाही, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी निपाणी स्टँडवर गाडीची वाट बघत मोबाइलवरच हिशेब मांडला. खरं तर हा मी नोकरीला लागलो तेव्हाच मांडायला हवा होता. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१५ साली छापला गेला, त्यात कव्हर क्रॉपनं मातीतला कार्बन हेक्टरी वर्षाला सरासरी ०.३२ टन वाढतो असं निघालं. त्याचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ नं गुणायचं: हेक्टरी १.१७ टन, एकरी अर्ध्या टनाला थोडं कमी. म्हणजे एका एकराला वर्षाकाठी अर्धं क्रेडिटसुद्धा पुरतं नाही. आता दुसऱ्या बाजूनं बघा. एका एकरातली फूटभर खोलीची माती दीड हजार टनांच्या पुढं भरते. त्यात एका वर्षात वाढलेला कार्बन साधारण १३० किलो. दीड हजार टनांत १३० किलो दाखवेल असा काटा प्रयोगशाळेत नाही. एकाच रानातल्या दोन जागांत याहून जास्त फरक असतो. म्हणून पाच वर्षं थांबायचं आणि मधली वर्षं कॉम्प्युटरच्या अंदाजावर काढायची. आण्णा 'दिसत न्हाई' म्हणाले होते ते इतकं बरोबर होतं.

आणि पैसे? एकराला वीस-पंचवीस किलो तागाचं बियाणं लागतं. बियाणं प्रकल्प देतो म्हणून लोक येतात. क्रेडिटच्या आशेवर आलेला माझ्या यादीत एकही नाही.

आण्णांच्या मातीची पिशवी खरं तर फेकून द्यायची होती. मी तिच्यावर दुसऱ्या गटाचा नंबर टाकून ती माझ्या खर्चानं तपासायला पाठवली. सेंद्रिय कर्ब ०.९८ टक्के आला. बांधापलीकडचा ०.४६. आपल्याकडं अर्ध्या टक्क्याच्या खाली कमी धरतात आणि पाऊणच्या वर जास्त. फोन करून आण्णांना आकडा सांगितला. "शंभरातलं एक बी न्हाई व्हय?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, आण्णा, हे लई आहे. "असू दे," म्हणाले.

मे संपत आला, दोन वळीव होऊन गेले, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला आणि आमचं बियाणं आलं नाही. पुरवठादाराची गाडी कुठं अडकली, ते आजही मला कळलेलं नाही. ऑफिसातून उत्तर एकच, दोन दिवसांत पोचतंय. वाफसा दोन दिवस थांबत नाही. भावकीतल्याचा सकाळी सहाला फोन आला, "सायेब, पेरू काय नको?" मी विचारलं, गावात कुणाकडं तागाचं बी आहे का. तो थोडा थांबून म्हणाला, "हाय की. तुम्हाला ठावं हाय कुणाकडं."

आण्णा दर वर्षी कडेच्या दोन सऱ्या गाडत नाहीत, बियाला ठेवतात. मी दुपारी गाडीवर पोचलो तेव्हा सोप्यात पोती काढून ठेवलेली होती. स्थानिक खरेदीची परवानगी फोनवर मिळवली होती, भाव गावात चालतो तोच. मुलगा घासाघीस करायच्या तयारीत होता, आण्णांनी हातानं थांबवलं. आढ्याच्या हुकाला ताणकाटा अडकवला, त्याला पोतं लावलं आणि मला जवळ बोलावलं.

"वाच."

"पन्नास."

"पोत्याचं वजन?"

"अर्धा किलो असेल."

त्यांनी दुसऱ्या पोत्यातून ओंजळ भरली आणि यात घातली. मग आणखी दोन. काटा हलून थांबेपर्यंत हात मागं धरून उभे राहिले.

"आता लिही," म्हणाले.