हळदीची अंडी

१४ जून, रात्री

हळदीची, माझ्या क्रेस्टेड गेको जातीच्या पाळीव पालीची, आज पुन्हा दोन अंडी. ओलसर शेवाळाच्या डब्यात बोट घालून चाचपडलं तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. एक अंडं पांढरं, पण मधेच चिमटा काढल्यासारखं, शेंगेच्या टरफलासारखं. दुसरं पिवळट, लिबलिबीत, भिजवलेल्या चिंचोक्याएवढं. क्रेस्टेड गेकोचं चांगलं अंडं कसं असतं? लांबट, चुन्यासारखं पांढरं, हाताला चामड्यासारखं लागतं आणि तरी घट्ट. हे दुसरं तर बोट लावताच दबलं.

तरी पेन्सिलीने दोघांच्या वरच्या बाजूला खूण केली आणि श्रीखंडाच्या डब्यात, ओल्या वर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणारं खनिज) ठेवली. आई शेजारी उभी होती. "परतत जा गं मधेमधे, कोंबडी परतते की." कोकणातल्या कोंबड्यांचं ज्ञान ती मला रोज फुकट देते. तिला सांगितलं, इथे उलटं असतं. आत जीव असेल तर तो वरच्या बाजूला चिकटतो. अंडं फिरवलं की संपलं. तिला पटलं नाही.

पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाइलचा टॉर्च लावला. अंडं फळलेलं असलं की गुलाबी उजेडात कुंकवाच्या टिकलीसारखा लाल ठिपका दिसतो, मग त्यातून बारीक शिरा फुटतात. पांढऱ्यात काही नाही. पिवळ्यात नुसता पिवळा उजेड, वरणाच्या पाण्यासारखा.

पहिल्या वेळची दोन्ही अशीच गेली होती. तेव्हा मी मनाची समजूत घातली होती, पहिलटकरीण आहे, होतं असं. खरंच होतं. पण आज शंकेची पाल चुकचुकतेय. (घरात पालीच पाळल्यावर दुसरं काय चुकचुकणार!)

हळदीला मी घाई केली. मादी किमान ३५ ग्रॅमची झाल्याशिवाय नराबरोबर ठेवू नये, हे मला पाठ होतं. काटा ३१ दाखवत होता आणि मी बंड्याला आत सोडलं. सुट्टी होती, हौस होती, आणि पिल्लांची नावंसुद्धा ठरली होती. मग मे महिन्यात एसी गेला. दुरुस्तीवाला नऊ दिवस "उद्या येतो" म्हणत राहिला. मुलुंडची ती खोली, थर्मामीटरवर ३३. हिचे पूर्वज न्यू कॅलेडोनियाच्या जंगलातले. १९९४ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत जात नामशेष झाली असंच धरलं जात होतं, आणि मी तिला पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला ठेवलं. २२ ते २६ अंशांत तिला बरं वाटतं. मी टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या फिरवत बसायचे. हळदीने खाणं सोडलं; आणि खाणंच नाही म्हटल्यावर किड्यांवर भुरभुरलेली कॅल्शियमची पावडर तरी कुठून पोटात जाणार?

१६ जून

व्हेटकडे जाऊन आले. वजन २९. पातळ कॅल्शियम लिहून दिलं.

त्यांनी तिचं तोंड अलगद उघडून दाखवलं. टाळूला दोन बाजूंना दोन पांढरे, खडूसारखे उंचवटे. तो तिचा कॅल्शियमचा साठा. अंड्याचं कवच लागलं की तिथून उचल. हळदीचे जेमतेम दिसत होते, उजवीकडचा तर नसल्यातच जमा. आपला पगार महिनाअखेरीला दिसतो तसा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे पातळ कवचाची अंडी यायला लागली की आजी शिंपल्या कुटून घालायची कोंबड्यांना. आधी विचारायचंस." मग ओट्यावरच्या डब्यातून स्वतःची कॅल्शियमची गोळी काढून घेतली. गुडघे दुखायला लागल्यापासून रोज घेते. मी गप्प.

बंड्याची रवानगी वेगळ्या टाकीत.

२७ जून

पिवळ्या अंड्याला बुरशी. घाम फुटल्यासारखं झालं, मग खचलं. फेकलं. शेंगेसारखं अजून पांढरं आहे, ठिपका नाही, तरी ठेवलंय. वेड्यावाकड्या अंड्यांतूनही कधीमधी पिल्लू निघतं, म्हणून वास येईपर्यंत टाकायचं नाही. पाऊस मात्र असा लागलाय की डब्यात वेगळं पाणी घालायची गरज नाही. ही अंडी भोवतालची ओल शोषून फुगतात. जास्त झाली की तेही वाईट.

मीटरच्या पेटीमागे साध्या घरपालीची दोन अंडी आहेत. गोल, कडक, वाटाण्याएवढी. कुणी ओल बघितली नाही, कुणी वजन केलं नाही.

१० जुलै

वजन ३२. खातेय. झुरळाच्या पिल्लावर पावडर भुरभुरली की आधी जीभ काढून चाटते, मग झडप.

बंड्या गेला म्हणजे सुटलो असं वाटलं होतं. तसं नसतं. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने अंगात साठवून ठेवते, एकटी असली तरी अंडी घालत राहते. फळो न फळो, कवच तिच्याच हाडांतून.

आत्ता सव्वाबारा वाजलेत. एसी २४ वर. हळदी डब्यातलं शेवाळ परत उकरतेय.