पाटे वाढवले, मग उतरवले कशाला?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाडी लावली की कोणीतरी वाकून मागच्या चाकाकडे पाहतो आणि विचारतो, "भाऊ, पाटे वाढवले होते ना, मग उतरवले कशाला?" आजवर हसून वेळ मारून नेली, तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदाच नीट सांगतो.

पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, मी हौसेखातर वाढवले नव्हते. वाशीचा माल भरला की पिकअप मागून बसायची, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायचा आणि माळशेजच्या वळणांवर गाडी डुलायची. पाटेवाल्याने दोन जाड पाटे घातले, नवे यू-बोल्ट आवळले आणि भरलेली गाडी खरोखरच सरळ चालू लागली. तो आनंद खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. क्रेट मात्र कागदावरच्या वजनापेक्षा जास्त असायचे, हे तेव्हा मी स्वतःशीही बोलत नव्हतो.

आबांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पुण्याहून घरी आणायचे होते. ठरवलेली गाडी ऐन वेळी आली नाही, तेव्हा "आपली रिकामीच आहे की" असे मीच म्हणालो. हायवेवर फारसे जाणवले नाही. गावच्या रस्त्याला लागल्यावर मात्र प्रत्येक खड्ड्याला गाडी मागून उडू लागली आणि हौद्यातले रिकामे क्रेट एकमेकांवर आपटू लागले. आबांनी दारावरची कडी दोन्ही हातांनी धरून अंग सीटवरून अर्धे उचलून धरले होते. त्यांची नखे पांढरी पडली होती. मी ताशी पंधरावर आलो, तरी ओढ्याच्या मोरीवर मागची चाके आपटलीच. ते ओरडले नाहीत. "मला इथंच उतरव, मी चालत येतो," एवढेच म्हणाले. घर दीड किलोमीटर लांब होते. चिंचेखाली अर्धा तास थांबलो आणि मग त्याच गाडीने निघालो, कारण दुसरी नव्हती.

पाट्याची जाडी आठ मिलिमीटरवरून दहावर नेली, तर तो जवळपास दुप्पट कडक होतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. शिवाय ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एक व्हॉल्व्ह चासी आणि एक्सल यांच्यातल्या अंतरावरून ठरवतो, त्यांत पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला हलकीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. हे पाटेवाल्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

आजारी माणसाला पिकअपमधून आणायचेच कशाला, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पाटे उतरवल्यापासून गाडी पुन्हा मागून बसते, मला एक खेप जास्त करावी लागते, डिझेल जाते. ते दोन पाटे मी भंगारात दिलेले नाहीत. गोठ्यात पोत्याखाली आहेत, आणि हंगामात क्रेट चढू लागले की माझे लक्ष तिकडे जाते.